खान्देशातल्या कॉलेजातून मॉलिक्युलर बायोलॉजीच्या पीएचडीकडे: पैसे भरून ट्रेनिंग, की केळीच्या पोंग्यावर काम?

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एमएस्सी बायोटेक्नॉलॉजीचं पहिलं वर्ष चालू आहे. पुढे मॉलिक्युलर आणि सेल बायोलॉजीत पीएचडी करायची आहे. कॉलेजात पीसीआर मशीन (डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती बनवणारं) आहे, पण वर्षातून दोनदाच चालतं. सेल कल्चर नाही. पुण्याला जाऊन एखाद्या खासगी लॅबमध्ये पैसे भरून सहा महिन्यांचं ट्रेनिंग घ्यावं, की सगळं सोडून नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, अभ्यास करावा?

माझं मत स्पष्ट आहे. पैसे भरू नका. त्या ट्रेनिंगमध्ये बहुतेक ठिकाणी किटमधल्या बाटल्या क्रमाने ओतायला लावतात, आधी चालून गेलेला जेल (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारी वडी) दाखवतात आणि शेवटी वीस तंत्रांची नावं लिहिलेलं प्रमाणपत्र देतात. पीएचडीच्या मुलाखतीत समोरचा माणूस त्या वीसपैकी एकच निवडतो आणि विचारतो, ‘बफरमध्ये मीठ १.४ मोलर का घेतलं? कंट्रोल कोणता होता? बँड, म्हणजे जेलवरची डीएनएची रेघ, आला नसता तर पुढे काय केलं असतं?’ तिथे प्रमाणपत्र मुकं होतं. याउलट एकच छोटा प्रश्न स्वतःच्या हाताने, तीन वेळा, चुका निस्तरत शेवटपर्यंत नेलेला विद्यार्थी अर्धा तास बोलू शकतो. असा प्रश्न तुमच्या गावच्या शिवारातच उभा आहे.

केळी घ्या. ग्रँड नैन, श्रीमंती, बसराई या सगळ्या कॅव्हेंडिश गटातल्या, म्हणजे त्यांच्यात ‘ए’ जीनोमच्या (केळीच्या एका रानटी पूर्वजाच्या पूर्ण डीएनए-संचाच्या) तीन प्रती असतात. सफेद वेलचीत एक ‘ए’ आणि एक ‘बी’, म्हणजे दुसऱ्या रानटी पूर्वजाचा संच. राजेळीत दोन ‘ए’ आणि एक ‘बी’. हा फरक रायबोसोमल डीएनएच्या आयटीएस भागाचं पीसीआर करून आणि तो तुकडा आरएसए-वन या एन्झाइमने कापून दिसतो. ‘ए’ असेल तर ५३० बेस जोड्यांचा तुकडा राहतो. ‘बी’मध्ये तोच तुकडा आणखी एकदा कापला जातो आणि ३५० आणि १८० असे दोन पडतात. लागणारं सामान म्हणजे एक प्रायमरची जोडी (प्रत कुठून बनवायची हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे), एक एन्झाइम आणि एक जेल. चार-पाच महिन्यांत हे नीट होतं आणि यात मॉलिक्युलर बायोलॉजीच्या निम्म्या खाचाखोचा शिकून होतात.

पहिली अडचण डीएनए काढतानाच येते. केळीचा चीक सदऱ्याला लागला की डाग जन्मभर जात नाही, हे तुमच्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. तो डाग पॉलिफिनॉलच्या ऑक्सिडेशनचा असतो आणि तुमच्या ट्यूबमध्येही तेच घडतं. पान वाटताना पॉलिफिनॉलचे क्विनोन होतात, ते डीएनएला घट्ट चिकटतात आणि पेलेट, म्हणजे ट्यूबच्या तळाशी बसणारा डीएनएचा गोळा, तपकिरी येतो. म्हणून बफरमध्ये २ टक्के पीव्हीपी घालतात, ते पॉलिफिनॉलला धरून ठेवतं. आणि बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल १ टक्का, तेही वापराच्या अगदी आधी, कारण बाटली उघडी राहिली की त्याचा जोर जातो. बाकी बफर नेहमीचाच: २ टक्के सीटॅब (पेशी फोडणारा डिटर्जंट), १.४ मोलर सोडियम क्लोराइड, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस, पीएच ८.०.

पान उघडलेलं घेऊ नका. न उलगडलेल्या पोंग्याचा आतला फिकट भाग घ्या. त्यात चीक आणि साखरेच्या साखळ्या कमी असतात आणि पेशी दाट असतात. सकाळी लवकर कापा, मधली शीर काढून टाका, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून बर्फाच्या थर्मोकोल डब्यात ठेवा. बर्फाचं मशीन नसेल तर बाजारातला बर्फ चालतो, फक्त ट्यूबचं झाकण त्या पाण्यात बुडता कामा नये. द्रवरूप नायट्रोजन मिळवायचा असेल तर पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यात चौकशी करा. जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी तो तालुक्यापर्यंत पोचलेला असतो. तोही नसेल तर १०० मिलिग्रॅम पान आधीच ६५ अंशांना तापवलेल्या १ मिलिलिटर बफरमध्येच खलबत्त्यात वाटा. हे कामचलाऊ वाटतं, पण कोवळ्या पोंग्यावर छान चालतं, कारण पेशी फुटताक्षणी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल तिथे हजर असतात.

नंतर ६५ अंशांवर ३० ते ४५ मिनिटं, दर दहा मिनिटांनी हलक्या हाताने उलटंपालटं. मग तितकंच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४ : १), दहा मिनिटं हळुवार मिसळून सेंट्रिफ्यूजमध्ये १२,००० आरपीएमला दहा मिनिटं. क्लोरोफॉर्मसाठी पॉलिप्रोपिलीनच्याच ट्यूब घ्या, पॉलिस्टायरीन विरघळतं. हे काम वाफा ओढून घेणाऱ्या हुडखाली किंवा निदान खिडकी उघडून करा. वरचा थर घेताना मधल्या पांढऱ्या पापुद्र्याच्या फार जवळ जाऊ नका. शंभर मायक्रोलिटर सोडून द्यावे लागले तरी चालतील. वरचा थर अजून तपकिरी असेल तर क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा करा.

इथे एक खास खान्देशी घोळ होतो. धुळ्याला जानेवारीत पारा कधी ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि सकाळी लॅब उघडली की सीटॅबच्या बाटलीत पांढरा साका बसलेला दिसतो. बफर खराब झालेला नाही. १५-१६ अंशांच्या खाली सीटॅब बाहेर पडतंच. ६५ अंशांच्या पाण्यात ठेवा, पूर्ण विरघळू द्या, मगच वापरा. वरचं पाणी तेवढं ओतून घेतलं तर त्यात सीटॅब उरलेलंच नसतं आणि दिवस वाया जातो. याच कारणाने क्लोरोफॉर्मची पायरी होईपर्यंत ट्यूब बर्फावर ठेवू नका.

वरच्या थरात त्याच्या निम्मं ५ मोलर मीठ मिसळा आणि मग ०.६ पट थंड आयसोप्रोपेनॉल. मीठ जास्त असलं की साखरेच्या साखळ्या द्रवातच राहतात आणि डीएनए खाली येतो. हे केलं नाही तर पेलेट शेंबडासारखा, पारदर्शक आणि घसरता येतो. तो पाण्यात नीट विरघळत नाही, जेलच्या खाचेतून वर तरंगतो. चांगला पेलेट पांढरा आणि छोटा असतो. ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा, वाळवा, पण फार वाळवू नका. मे महिन्यात जळगावच्या हवेत पाच-सात मिनिटं पुरतात. अर्धा तास ठेवलं की पेलेट विरघळायला रात्र घेतो. ५० मायक्रोलिटर टीई बफरमध्ये विरघळवा, आरएनेज (आरएनए तोडणारं एन्झाइम) घालून ३७ अंशांवर ३० मिनिटं.

स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६०/२८० गुणोत्तर (२६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचं) १.८ आलं की मुलं खूश होतात. केळीसाठी त्याहून महत्त्वाचं २६०/२३०. ते १ च्या खाली असेल तर साखर, फिनॉल किंवा मीठ उरलंय आणि टॅक पॉलिमरेज, म्हणजे पीसीआरमध्ये प्रती बनवणारं एन्झाइम, अडखळणार. त्याची साधी परीक्षा आहे. तोच डीएनए जसाच्या तसा, दहापट आणि शंभरपट पातळ करून तीन ट्यूब लावा. मूळ नमुन्यात बँड नाही आणि दहापट पातळमध्ये आहे, तर डीएनए कमी नव्हता, अडथळा जास्त होता. बहुतेक विद्यार्थी अशा वेळी उलट डीएनए वाढवतात आणि आणखी खड्ड्यात जातात.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचं ठेवा, ३० चक्रं पुरेत. मास्टर मिक्स (डीएनए सोडून बाकी सगळं सामान एकत्र) दहा टक्के जास्तीचा करा. प्रत्येक वेळी डीएनए नसलेली एक ट्यूब आणि आधी चाललेल्या नमुन्याची एक ट्यूब हवीच. डीएनए नसलेल्या ट्यूबमध्ये बँड दिसला तर त्या दिवशीचं काहीही वहीत ‘निकाल’ म्हणून जात नाही. आधी पाणी बदला, मग प्रायमर, मग मिक्स, एका वेळी एकच. आणि पीसीआर झालेल्या ट्यूब ज्या टेबलावर उघडता त्या टेबलावर नवं मिक्स करू नका. लॅब लहान असेल तर खोलीची दोन टोकं ठरवा आणि पिपेट वेगळे ठेवा.

आता आरएसए-वनने कापणं. १० मायक्रोलिटर पीसीआर, २ मायक्रोलिटर बफर, ५ युनिट एन्झाइम, पाणी घालून २० मायक्रोलिटर, ३७ अंशांवर. २ टक्के अगारोजवर चालवा. सफेद वेलचीत ५३०, ३५० आणि १८० असे तिन्ही बँड दिसायला हवेत आणि दिसतीलही. इथेच थांबून विचार करायचा असतो. शुद्ध ‘बी’ असलेला नमुनासुद्धा एन्झाइमने अर्धवट कापला तर हेच तीन बँड देईल! मग तुमच्या वेलचीतला ५३० चा बँड ‘ए’ जीनोमचा, की अर्धवट कापलेल्या ‘बी’चा? हे सिद्ध करायला एकच नमुना १ तास, ४ तास आणि रात्रभर कापून शेजारी-शेजारी चालवा. ५३० चं प्रमाण वेळेबरोबर घटत गेलं तर काम अर्धवट होतं. स्थिर राहिलं तर तो बहुधा खरा. जमलं तर शुद्ध ‘बी’चा, म्हणजे म्युसा बाल्बिसियानाचा, नमुना एखाद्या केळी संशोधन केंद्राकडून मागून सोबत कापा. दुसरी खोच यापेक्षा बारीक आहे. पीसीआरच्या शेवटच्या चक्रांत प्रायमर कमी पडला की ‘ए’ची एक पट्टी आणि ‘बी’ची एक पट्टी एकमेकींशी जुळतात. अशा संकरित जोडीवर कापायची जागा बिघडलेली असते, तिथे एन्झाइम कापत नाही आणि ५३० फुगतो. हा फुगवटा रात्रभर कापूनही जात नाही, म्हणून वर ३० चक्रं म्हटलं, ४० नाही. मुलाखतीत एवढं जरी नीट मांडलंत तरी समोरच्याला कळतं की या मुलाने जेलकडे बघितलंय, नुसता फोटो काढलेला नाही.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो. खोली ४२-४३ अंशांवर असते तेव्हा साधा इन्क्युबेटर किंवा ड्राय बाथ ३७ वर राहूच शकत नाही, कारण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. आकडा ३७ लावलेला असतो आणि आत थर्मामीटर ठेवला तर ४२. कॉम्पिटंट सेलला (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या जीवाणूंना) हीट शॉक ४२ अंशांनाच देतात, तोही ४५ सेकंद, आणि इथे तुमची जीवाणूंची प्लेट रात्रभर त्यातच बसते. म्हणून बीओडी इन्क्युबेटर वापरा. त्यात थंड करण्याची सोय असते. आणि एन्झाइमची ३७ अंशांची कामं पीसीआर मशीनमध्येच लावा, त्याचा ठोकळा गारही होतो. कोरड्या हवेत पिपेटचं टोक आधी दोन-तीनदा त्याच द्रवाने भिजवून घ्या, नाहीतर पहिला थेंब कमी पडतो.

एन्झाइम मागवायचं ते डिसेंबर-जानेवारीत. मुंबई-पुण्याहून येणारं पार्सल मंगळवारी-बुधवारी पोचेल असं सांगा. शुक्रवारी संध्याकाळी आलेला डबा सोमवारपर्यंत कुरियरच्या गोदामात पडतो आणि आतला जेल पॅक कोमट होतो. उणे २० च्या फ्रीजरमध्ये चार-पाच गोठलेले जेल पॅक कायम ठेवा. वीज गेली की दार उघडू नका, नुसतं बघायला म्हणूनही नाही.

‘सीएमव्हीवरच (केळीवरच्या कुकुंबर मोझॅक व्हायरसवर) करावं का, शेतकऱ्यांचा तोच प्रश्न आहे’ असं मनात येईल. इच्छा चांगली आहे, पण पहिलं काम म्हणून नको. तो आरएनए विषाणू आहे. केळीतून आरएनए काढणं डीएनएच्या कितीतरी पट नाजूक आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचा खर्च वेगळा. वरचं काम हातात बसलं की दुसऱ्या वर्षी घ्या.

नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा भागातले विद्यार्थी सिकलसेल निवडू पाहतात, कारण घरात किंवा पाड्यावर तो आजार त्यांनी पाहिलेला असतो. शास्त्र सुरेख आहे: बीटा ग्लोबिन जीनच्या सहाव्या कोडॉनमध्ये जीएजीचं जीटीजी होतं, त्याने डीडीई-वन या एन्झाइमची कापायची जागा नाहीशी होते, म्हणजे इथेही पीसीआर आणि एक एन्झाइम. पण माणसाचं रक्त आलं की आधी संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी लागते, आणि संमतिपत्र त्या माणसाला कळेल अशा बोलीत, पावरी, भिली, अहिराणी, वाचून समजावून. मंजुरीला महिने लागतात. ती नसताना घेतलेला एकही नमुना वापरता येत नाही. आणि निकाल कळल्यावर त्या कुटुंबाला कुठे पाठवायचं, हे ठरवल्याशिवाय सुरुवात करू नका. मुलीच्या लग्नाच्या वयात ‘वाहक’ हा शब्द पाड्यात फुटला तर त्याची किंमत तिला मोजावी लागते.

सेल बायोलॉजीसाठी कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर नाही म्हणून रडू नका. कांद्याची मुळं आहेत. जुन्या कांद्याच्या बुडाची वाळलेली मुळं खरवडून तो पाण्यावर ठेवा, २०-२५ अंशांना दोन-तीन दिवसांत नवी मुळं येतात. कडक उन्हाळ्यात कुजतात, म्हणून हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सकाळी टोकं कापून अॅसिटिक अॅसिड आणि अल्कोहोल १ : ३ मध्ये रात्रभर, मग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये ६० अंशांवर पाच-सात मिनिटं, मग अॅसिटोकार्मिन हा गुणसूत्रं रंगवणारा रंग. एखाद्या कीटकनाशकाच्या तीन मात्रा घेऊन विभाजन होणाऱ्या पेशींचं शेकडा प्रमाण मोजता येतं. स्लाइडवरची नावं मैत्रिणीला झाकायला सांगा आणि मगच मोजा. आणि हे पक्कं ध्यानात ठेवा: एका कांद्याच्या १,००० पेशी मोजल्या म्हणजे तुमचा ‘एन’ (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) हजार झाला नाही, तो एकच आहे. प्रत्येक मात्रेला निदान पाच वेगळे कांदे हवेत. प्रबंधांमध्ये ही चूक सर्रास असते आणि परीक्षक ती पहिल्याच तक्त्यात पकडतात.

वही जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक घातलेली. तारीख, बाटलीचा लॉट नंबर, खोलीचं तापमान, फसलेला प्रयोगसुद्धा. जेलचा फोटो पूर्ण, सगळ्या लेन दिसतील असा. कडेची ‘नको असलेली’ लेन कापलेला फोटो संशयाला जागा देतो.

नेट सोडायची नाही, पण ती वेगळी उभी करायची गरजही नाही. सीएसआयआरच्या लाइफ सायन्सेसच्या पेपरला तीन तासांत २०० गुण असतात: पहिल्या भागात २० पैकी १५, दुसऱ्यात ५० पैकी ३५, तिसऱ्यात ७५ पैकी २५ प्रश्न. तिसऱ्या भागातला प्रत्येक प्रश्न ४ गुणांचा आणि चुकला की पाव भाग गुण वजा. हा तिसरा भाग बराचसा प्रयोग देऊन ‘काय दिसेल?’ विचारतो. ज्याने स्वतः अर्धवट कापलेला बँड ओळखलाय त्याला हे प्रश्न परके वाटत नाहीत. १३ घटकांपैकी सात-आठ पक्के करा, सगळे अर्धेमुर्धे नकोत. सोबत गेट या परीक्षेचा आणि टीआयएफआर, एनसीबीएस या संशोधन संस्थांसाठीच्या जेजीबिल्स या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरा. जेआरएफ, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, दोन वर्षांनी ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएचडीची मुदत यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन, कमाल सहा वर्षं, तेव्हा हा आकडा घरी आधीच सांगून ठेवा.

प्रबंधाचं सत्र जानेवारीत सुरू होतं असं धरून पुण्यातल्या एनसीसीएस, आयसर, एनसीएल किंवा खारघरच्या अॅक्ट्रेकमधल्या प्रयोगशाळांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच ईमेल करा. उन्हाळी दोन महिन्यांसाठी तीन विज्ञान अकादमींची फेलोशिप आहे, तिची जाहिरात साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात बघायला लागा. ईमेल दहा ओळींचा पुरे: त्यांचा कोणता पेपर वाचला, त्यातल्या कोणत्या आकृतीबद्दल काय शंका आहे, तुम्ही हाताने काय केलंय, कोणत्या तारखांना येऊ शकता. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवू नका, तो पहिल्याच ओळीत ओळखू येतो. कुणी ‘या’ म्हटलं तर जाण्याआधी तिथल्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा: आधीच्यांना किती वर्षं लागली, आणि नवख्याला हाताशी धरून शिकवतं कोण. पहिल्या प्रश्नाला ते कुजबुजायला लागले तर दुसरीकडे बघा. जळगावच्या विद्यापीठाच्या जीवशास्त्र प्रशाळेतही चौकशी करा. घराजवळ राहून चांगलं काम होत नाही हा समज चुकीचा आहे.

इंग्रजीची धास्ती असेल तर आधी पेपरची एक आकृती मराठीत, हवं तर अहिराणीत, घरच्या कुणाला समजावून सांगा. जिथे अडखळाल तिथे इंग्रजी नाही, विषयच कच्चा असतो. मग तेच इंग्रजीत पाच वाक्यांत बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करा.

शेवटचं काम कागदपत्रांचं, आणि ते आजच सुरू करा. जात वैधता प्रमाणपत्राला महिनोन्‌महिने लागतात आणि राज्याच्या फेलोशिपा, बार्टी, सारथी, महाज्योती किंवा आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची, त्यांच्या मुदती थांबत नाहीत. ओबीसी असाल तर नेटसाठी केंद्राच्या नमुन्यातलं, चालू आर्थिक वर्षातलं नॉन-क्रिमीलेअर लागतं. राज्याच्या नमुन्यातलं तिथे चालत नाही. तहसील कार्यालयात अर्ज करतानाच ‘केंद्राचा नमुना’ असं सांगून घ्या.